शिरगणतीच्या कागदावर आतेसासूबाईंची ओळ

पत्र असं आहे:

«ताई, आमच्याकडे लवकरच जनगणना होणार आहे. मागच्या खेपेला प्रगणक आला तेव्हा सासऱ्यांनी दारातच उभं राहून पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. आमच्या घरी माझ्या आतेसासूबाई राहतात, तरुणपणीच विधवा झाल्या, तेव्हापासून इथेच आहेत. त्यांचं वय विचारलं तर सासरे म्हणाले, 'लिहा साठ-पासष्ट.' काम विचारलं तर म्हणाले, 'काही नाही.' खरं तर बाईंनी तीस वर्षं घरात बसून लोकांचे कपडे शिवले, माझ्या नवऱ्याच्या शिक्षणाला त्यातलेच पैसे लागले. त्यांना दोन मुलं झाली होती, दोन्ही लहानपणीच गेली. त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मी दोन वर्षांपासून घराण्याची वंशावळ जमवते आहे, आणि त्यात बायकांच्या जागी बहुतेक ठिकाणी नुसत्या रेघा आहेत. म्हणून या वेळी माहिती मी द्यायची म्हणते. नवरा म्हणतो, 'सरकारला आकडा हवा असतो, शंभर वर्षांनी तो कागद कोण बघणार आहे?' ताई, एवढा आटापिटा करण्यात अर्थ आहे का? पुढच्या पिढ्यांना त्याचा खरंच उपयोग होतो का? – एक वाचक»

प्रिय वाचक,

आधी तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते सरळ आहे. शंभर वर्षांनी लोक तो कागद बघतात, आणि तुटून पडून बघतात. इंग्लंड आणि वेल्समधली १९०१ ची जनगणना जानेवारी २००२ मध्ये इंटरनेटवर खुली झाली, तेव्हा इतकी गर्दी उसळली की वेबसाइट कोलमडली आणि काही महिने बंद ठेवावी लागली. ही सगळी माणसं लोकसंख्येचे आकडे बघायला आली नव्हती. ते तर केव्हाच छापून झाले होते. कुणी पणजीचं नाव शोधत होतं, कुणी घर सोडून गेलेल्या चुलत आजोबांचा पत्ता. तिथे नावानिशी अर्ज शंभर वर्षं बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ चे अर्ज जानेवारी २०२२ मध्ये उघडले. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. १९५० च्या याद्या १ एप्रिल २०२२ ला खुल्या झाल्या आणि आज हयात असलेल्या कितीतरी माणसांना त्यात आपलंच बाळपणीचं नाव सापडलं.

म्हणजे अर्थ आहे. पण तुमचं पत्र वाचताना मला जाणवलं की तुम्हाला हवी असलेली गोष्ट त्या अर्जात पुरती मावणार नाही, आणि मावली तरी ती तुमच्या वारसांच्या हाती लागेल याची खात्री नाही. तेव्हा दोन कामं करा. अर्जात खरं आणि पूर्ण सांगा. आणि त्याच दिवशी, त्याच माहितीचा तुमचा स्वतःचा एक कागद तयार करा. दोन्ही का, ते सांगते.

जनगणनेच्या कागदात असं काय असतं जे दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडत नाही? जन्माचा दाखला एका माणसाचा असतो, मृत्यूचा एकाचा. जमिनीचे कागद ज्याच्या नावे जमीन त्याचे. जनगणनेचा कागद मात्र अख्ख्या घराचा असतो, एका ठरलेल्या वेळचा. त्या घरात कोण कोण होतं, कोण कुणाचं काय लागत होतं, कोण कुठे जन्मलं, कोण काय करून जगत होतं, हे सगळं एकाखाली एक येतं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांची नावंही येतात: आश्रयाला आलेली बहीण, कामाला ठेवलेला पोऱ्या, चार दिवस राहायला आलेला पाहुणा. वंशावळ शोधणाऱ्यांना असे आश्रित आणि पाहुणे फार मोलाचे वाटतात. एका जनगणनेत भाडेकरू म्हणून नोंदलेला तरुण दहा वर्षांनी त्याच घरात जावई म्हणून दिसतो, तेव्हा एका ओळीत एका लग्नाची अर्धी गोष्ट कळते. शेजारच्या घरांच्या ओळीही वाचाव्यात असं जाणकार सांगतात, कारण माहेर पुष्कळदा चार दारं सोडूनच असतं.

तुमच्या आतेसासूबाईंसारख्या बाईसाठी तर हा कागद कधीकधी एकुलता एक असतो. मिळकत नाही, नोकरी नाही, मतदारयादीत असल्या तर नुसतं नाव. पुढे कुणी शोधायला बसलं, तर त्या कुणाच्या बहीण होत्या आणि भावाकडे का राहत होत्या, याचा धागा इथेच मिळेल. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव आज आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. सांगू शकली असती अशी शेवटची व्यक्ती माझी आजी होती, आणि मी तिला कधी विचारलं नाही. तुमच्या पत्रातल्या रेघा वाचल्या तेव्हा मला तेच आठवलं.

आता त्या दोन मुलांबद्दल. हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

१९११ साली ब्रिटनच्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना काही जास्तीचे प्रश्न होते: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली किती आज हयात आहेत, किती गेली. इंग्लंड-वेल्समध्ये त्याआधीच्या जनगणनांत घरोघरचे अर्ज प्रगणक आपल्या वहीत उतरवून घेत, वह्या जपल्या जात आणि मूळ अर्ज नष्ट होत. १९११ ला मात्र मूळ अर्जच जपले गेले, त्यामुळे तिथल्या माणसांना पूर्वजांच्या हातचं अक्षर पाहायला मिळतं. मुलांचे प्रश्न फक्त विवाहित स्त्रियांना होते, विधवांनी ते रकाने कोरे ठेवायचे होते. पण कितीतरी विधवांनी ते भरले. काही घरांनी तर गेलेल्या मुलांची नावंही हयात मुलांच्या ओळीत लिहून टाकली. अर्ज तपासणाऱ्यांनी नियमाप्रमाणे त्यावर रेघ मारली. पण रेघेखालचं अक्षर आजही वाचता येतं.

तो कागद डोळ्यांसमोर आणून बघा. आडवा, मोठा, रकान्यांचा तक्ता. वरून खाली नावं: कुटुंबप्रमुख, बायको, मुलगी, मुलगा. मग एक नाव, त्याच्यापुढे वयाच्या जागी काही महिन्यांचा आकडा, आणि त्यावरून आरपार गेलेली दुसऱ्या शाईची रेघ. त्या कारकुनाचं चुकलं नव्हतं, त्याला हयात माणसं मोजायची होती. पण घरात मुलं किती, हा प्रश्न समोर आल्यावर त्या आईबापांना गेलेलं मूल वगळता आलं नाही. आणि त्यांनी ते वगळलं नाही म्हणूनच शंभर वर्षांनी कुणाला तरी कळतं की आपल्या आजोबांना एक मोठा भाऊ होता.

तुम्ही ज्या अर्जाला सामोऱ्या जाणार आहात त्यात अशी ओळ जास्तीची घुसवता येईल असं समजू नका. आता पुष्कळ देशांत प्रगणकाच्या हातात मोबाईल असतो नाहीतर माणसं स्वतः ऑनलाइन माहिती भरतात. तिथे समासच नसतो आणि न विचारलेलं लिहायला जागा नसते. जे विचारतील त्याचं उत्तर द्या. आजवर जन्मलेल्या आणि हयात मुलांची संख्या विचारली, तर आतेसासूबाईंच्या नावापुढे शून्य सांगू नका. दोन जन्मली, एकही हयात नाही, असं सांगा. कुणाला ओशाळून हा आकडा खाली ढकलू देऊ नका. नावांची जागा तुमच्या कागदावर आहे.

वयाचं. 'लिहा साठ-पासष्ट' हे सासऱ्यांनी मनात काही वाईट ठेवून सांगितलं नसणार, पण वंशावळ शोधणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतं ते हेच. १८४१ साली ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पाढ्यात आणून लिहावीत अशी सूचना होती. म्हणजे चौतीस वर्षांची बाई कागदावर तीस वर्षांची दिसते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते तिचा जन्म चुकीच्या वर्षांत शोधत बसतात. आयर्लंडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. तिथे १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांचे अर्ज शेजारी ठेवले तर कितीतरी माणसं दहा वर्षांत बारा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. मधल्या काळात, १९०९ पासून, सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन सुरू झालं होतं, आणि त्या पिढीतल्या बहुतेकांकडे जन्माचा दाखला नव्हता, कारण तिथे सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंदच १८६४ पासून सुरू झाली. काहींनी वय मुद्दाम वाढवलं असेल, पण पुष्कळांना आपलं खरं वय आयुष्यात पहिल्यांदाच मोजावं लागलं असेल.

तेव्हा बाईंचं वय अंदाजानं सांगण्याआधी त्यांच्याशी बसून मोजा. तारीख ठाऊक नसली तरी भावाहून किती मोठ्या, लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या, पहिलं मूल कोणत्या वर्षी, अशा दोन-तीन टोकांवरून वर्ष बऱ्यापैकी पकडता येतं. कागदोपत्रीची तारीख आणि खरी तारीख वेगळ्या असतील तर अर्जात खरी सांगा. तुमच्या कागदावर दोन्ही लिहा, आणि हे वर्ष कसं काढलं तेही एका ओळीत लिहा. पुढचा माणूस त्या एका ओळीसाठी तुम्हाला दुवा देईल.

कामाच्या रकान्यात 'काही नाही' येता कामा नये. बायकांचं घरात बसून केलेलं, हंगामी, अर्ध्या वेळचं काम जुन्या गणनांमध्ये मोठ्या प्रमाणावर सुटलं आहे, आणि इतिहासाचे अभ्यासक ही खंत वारंवार बोलून दाखवतात. ते सुटण्यामागे दारात उभ्या असलेल्या पुरुषाचं 'काही नाही' हेही एक कारण असतं. अर्जात काम कसं विचारतील ते देशोदेशी वेगळं असतं. कुठे गेल्या आठवड्याचं विचारतात, कुठे गेल्या वर्षाचं. बाई त्या मुदतीत शिवत असतील तर शिवणकाम सांगा, घरून आणि स्वतःच्या कमाईवर करतात हेही सांगा. आता शिवत नसतील तर अर्जात जे खरं तेच जाईल, आणि तीस वर्षांचा हिशेब तुमच्या कागदावर राहील: मशीन कधी घेतलं, कुणाचे कपडे शिवत, कुणाच्या शिक्षणाला पैसे लागले.

नात्याबद्दल थोडक्यात. बहुतेक अर्जांत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं विचारतात. सासरे प्रमुख असतील तर बाई त्यांच्या बहीण, 'इतर नातेवाईक' नव्हेत. यादीत बहिणीचा पर्याय असेल तर तोच निवडायला लावा. आणि प्रमुख कोण हे घरानं ठरवायचं असतं, त्यालाही कधीतरी वेगळं उत्तर असू शकतं.

आता दुसऱ्या कामाकडे येते, तुमच्या स्वतःच्या कागदाकडे. सरकारी कागद शंभर वर्षं टिकेलच असं गृहीत धरू नका. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये एका आगीत जळून गेली. बॉम्बनं नाही, साध्या आगीनं. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे तिथल्या माणसाला १९२१ नंतर थेट १९५१ चेच अर्ज मिळणार, आणि ते अजून बंद आहेत. अमेरिकेत १८९० च्या बहुतेक याद्या जानेवारी १९२१ च्या आगीत जळाल्या किंवा खराब झाल्या, आणि उरलेल्या पुढे नष्ट करण्यात आल्या. सव्वासहा कोटींच्या आसपास माणसांतली जेमतेम सहा हजारांची नावं आज उरली आहेत. आयर्लंडमध्ये १८२१ ते १८५१ पर्यंतचे बहुतेक कागद १९२२ च्या यादवीत अभिलेखागाराबरोबर जळाले. १८६१ आणि १८७१ चे सरकारनंच आकडे काढून झाल्यावर नष्ट केले होते, आणि १८८१ नि १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा केला गेला. एका देशाच्या साठ-सत्तर वर्षांच्या नावांपैकी काही तुकडेच हाती राहिले.

काही ठिकाणी कागद टिकतो पण तुम्हाला बघायला मिळत नाही, किंवा ठेवलाच जात नाही. ऑस्ट्रेलियात कितीतरी दशकं आकडे काढून झाले की नावांचे अर्ज नष्ट करत. २००१ मध्ये पहिल्यांदा प्रत्येकाला विचारलं, तुमचं नाव ९९ वर्षांसाठी जपून ठेवू का? निम्म्याहून थोडी जास्त माणसं हो म्हणाली. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार या नोंदी पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्या कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मला या गुप्ततेबद्दल तक्रार नाही. माणसं खरं सांगतात ती तिच्याच भरवशावर. पण वंशावळ करणाऱ्यानं तिचा अर्थ नीट समजून घ्यावा: तुम्ही जे सांगाल ते कदाचित तुमच्या पणतीपर्यंत कधीच पोचणार नाही. पोचवायचं असेल तर तुम्हालाच पोचवावं लागेल.

आयर्लंडनं २०२२ च्या जनगणनेत एक सुंदर गोष्ट केली. अर्जाच्या शेवटी एक मोकळी जागा ठेवली. हवं तर शंभर वर्षांनी वाचणाऱ्यासाठी तिथे काही लिहा, २१२२ पर्यंत ते कुणी उघडणार नाही. लोकांनी काय लिहिलं असेल ते आपल्या हयातीत कळायचं नाही. पण तशी मोकळी जागा तुम्ही तुमच्या घरच्या कागदावर आजच ठेवू शकता, आणि तुमच्यासाठी तिचं काय काम आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कागद असा करा. जाड, चांगला कोरा कागद घ्या. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल, पेन्सिलीचं अक्षर फिकं पडत नाही आणि ओल लागली तरी फुटत नाही. जनगणनेच्या रकान्यांसारखेच रकाने आखा म्हणजे काही सुटत नाही, आणि पुढच्या वेळचा कागद याच्या शेजारी ठेवून वाचता येतो. प्रत्येकाचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, घरात हाक मारतात ते नाव. 'आई', 'अण्णा', 'मोठी काकू' असं लिहू नका, साठ वर्षांनी कुणाची आई ते कुणाला कळणार नाही. कागद कराल त्या रात्री घरात झोपलेल्या सगळ्यांना घ्या, पाहुण्यांनाही. घरचं कुणी बाहेरगावी असेल तर ते कुठे आहे ते लिहा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, टाचणी-स्टेपल मारू नका. प्लास्टिक आणि गोंद कागदाला खातात, टाचणी गंजते. एक प्रत दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवा, म्हणजे एकाच आगीत किंवा एकाच पुरात दोन्ही जाणार नाहीत. फोटो काढायला हरकत नाही, पण फोन बदलला की फोटो कुठे जातात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मूळ म्हणून कागदच धरा.

आणि खाली लिहा की ही माहिती कुणी सांगितली, कुणी लिहून घेतली आणि कोणत्या तारखेला. अमेरिकेत १९४० च्या याद्यांमध्ये घरातल्या ज्या माणसानं उत्तरं दिली त्याच्या नावापुढे वर्तुळात फुलीची खूण केलेली असते. एवढीशी खूण, पण आज वाचणाऱ्याला तिच्यावरून पुष्कळ कळतं. बायकोनं सांगितलं असेल तर मुलांची वयं बरोबर असण्याची शक्यता जास्त. शेजाऱ्यानं सांगितलं असेल तर सगळंच पारखून घ्यावं लागतं. तुमच्या घरच्या मागच्या अर्जावर अशी खूण असती तर ती सासऱ्यांच्या नावापुढे पडली असती, आणि 'साठ-पासष्ट' चा उलगडा झाला असता.

सासऱ्यांना मात्र दुखवू नका. 'या वेळी मी सांगते' असं म्हणण्याऐवजी आदल्या दिवशी त्यांनाही कागदापाशी बसवा. बहिणीच्या लहानपणाबद्दल त्यांना जे आठवतं ते तुम्हाला दुसरं कुणी सांगू शकणार नाही, आणि भाऊ-बहीण समोरासमोर बसले की एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात. कुणी काही सांगायचं नाही म्हटलं तर तो रकाना कोरा सोडा, मनानं भरू नका.

आतेसासूबाईंजवळ बसाल तेव्हा सुरुवात वयापासून करू नका, वय सांगताना माणूस उगीच सावध होतो. आधी शिवणकामाबद्दल विचारा, पहिलं मशीन कुठून आलं ते विचारा. मग, घरात दोघीच असाल अशा वेळी, मोठ्या मुलाचं नाव काय होतं ते विचारा. त्या गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प बसा, पेन्सिल खाली ठेवून. बाकीचे रकाने दुसऱ्या दिवशी भरता येतील.

तुमची,
ताई